घरात चालणारा छोटा प्रोपेन हीटर: ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो खिडक्यांसाठी

२०२१ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत ग्रिड (राज्याचं वीजजाळं) तोकडं पडलं आणि लाखो घरांची लाइट कित्येक दिवस गेली, त्यानंतर टेक्सासमध्ये ज्याने त्याने काही ना काही घेऊन ठेवलं, कोणी जनरेटर, कोणी पाण्याचे कॅन, आम्ही हा हीटर घेतला. ४००० आणि ९००० बीटीयू (उष्णतेचं माप) अशी दोन सेटिंग, एक पाउंडचा सिलेंडर फिरवून बसवायचा. गराजमध्ये पडून होता, खरा कामाला आला तो २०२३ मध्ये ऑस्टिनच्या आइस स्टॉर्मला.

त्यावेळी ग्रिडला काही झालं नव्हतं बरं का. पाऊस पडत होता आणि पडेल तिथे गोठत होता, आणि इथल्या लाइव्ह ओक झाडांची पानं हिवाळ्यात पण झडत नाहीत, त्यामुळे पानापानावर बर्फ चढला आणि रात्रभर फांद्या कडाकड मोडून वायरींवर पडत होत्या. शहरात दीड लाखाहून जास्त ग्राहकांची लाइट गेलेली. आमची फर्नेस (अख्खं घर गरम करणारी भट्टी) गॅसची, पण तिच्या ब्लोअरला, म्हणजे गरम हवा ढकलणाऱ्या पंख्याला, वीज लागते ना, म्हणजे गॅस असून घर थंडगार.

आता हीटरचं. अख्खं घर गरम होईल या आशेवर घेऊ नका. आम्ही सगळे एका बेडरूममध्ये, दार लोटलेलं, खिडकी दोन बोटं उघडी (हे मॅन्युअलमध्येच आहे, हवा खेळती हवी), तरी स्वेटर काढण्याइतकं बरं वाटलं. लो सेटिंगवर एक सिलेंडर पाच-साडेपाच तास जातो, हायवर जेमतेम अडीच, म्हणजे सिलेंडर बऱ्यापैकी लागतात. मोठा वीस पाउंडवाला होजने जोडता येतो, पण तो बाहेरच ठेवायचा, आणि होज साधा घेतला तर त्यातलं तेल हीटरमध्ये जाऊन तो चोंदतो, फिल्टर लावा.

कलंडला किंवा खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होतो, हे भारी आहे. पण तो सेन्सर कार्बन मोनॉक्साइड (सीओ, वास नसलेला विषारी वायू) मोजत नाही!! २०२१ मध्ये घरात कोळसा पेटवून, बंद गराजमध्ये गाडी चालू ठेवून लोक गेलेत इथे, तेव्हा बॅटरीवरचा सीओ अलार्म नसेल तर हीटर घेऊच नका. आणि झोपताना बंद, आम्ही रजया घेतल्या सरळ.

स्टार कापला तो ओलाव्यासाठी. प्रोपेन जळला की वाफ होते, एका सिलेंडरमागे साधारण पाऊण लिटर पाणी, सकाळी काचा निथळत होत्या आणि खिडकीखालचा कार्पेट ओला. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, म्हणाल्या अगं यावर चहाचं आधण तरी ठेव. ठेवता येत नाही आई, जाळी उभी आहे. चहाला कॅम्पिंगचा स्टोव्ह वेगळा घ्या आणि तो अंगणातच पेटवा.

घ्यायचा तर ऑक्टोबरात घ्या, वादळाचा अंदाज आला की हीटर एकवेळ मिळेल पण सिलेंडरचं शेल्फ आधी रिकामं होतं.