आजोबांचं चित्र: लिलावाला द्यावं की खासगीत विकावं?

भिंतीवरचं जुनं चित्र मूळ आहे की छापील, हे तुम्ही बघून घेतलंय असं धरून चालतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. 'आमच्याकडे रविवर्मा आहे' म्हणणाऱ्या बहुतेकांकडे त्यातलीच एक असते. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले की विषय संपला. ठिपके नाहीत, सही जुळली, खरेदीत रस नसलेल्या जाणकारानेही मान डोलावली आणि आकडा ऐकून घरातले सगळे एकदम गप्प झाले, तर मात्र पुढचं वाचा.

आमचं चित्र नौपाड्यातल्या घरी होतं. तैलरंगातलं व्यक्तिचित्र, धुरंधर-हळदणकरांच्या मुंबई स्कूलमधल्या एका नामवंताचं. चित्रकाराचं नाव सांगत नाही, कारण त्याच हातची आणखी चित्रं आमच्या नात्यात आहेत आणि ती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या दाराला साधं लॅच आहे. किंमत घोडबंदर रोडला वन बीएचके यावा एवढी निघाली. वाटेकरी तीन घरं: आमचं, काकांचं आणि आत्याचं.

घरी ठेवायचा पर्याय आम्हीही चघळला. पण चित्र होतं त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. ठाण्याचा पावसाळा आणि खाडीकडून येणारी दमट हवा यांनी मागच्या कॅनव्हासवर बुरशी धरायला सुरुवात केली होती. दुपारी एसी, रात्री बंद, असं केलं तर ओलावा सतत वरखाली होतो आणि रंगाचा थर तडकायला तेवढं पुरतं. शिवाय किंमत कळल्यापासून प्लंबरलासुद्धा हॉलमधून नेताना आमच्या घरात कोणीतरी चित्रासमोर उभं राहत असे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर ठेवावं. आम्हाला विकायचं होतं.

आधी कायद्याचं, कारण दोन्ही वाटांना तो सारखाच लागू आहे. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथांसह तिघे टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची चित्रं वयाचा प्रश्न न येता कलानिधी आहेत, तीही बाहेर जात नाहीत. त्यामुळे 'लंडनला पाठवू' असं कोणी म्हणालं तर आधी चित्राचं साल विचारा. तुमचं गिऱ्हाईक बहुधा भारतातच आहे आणि मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू यांच्यासारखी लिलावघरं असल्याने ठाणेकरांना लांब जायची गरज नाही.

दुसरं, घरातल्या लोकांच्या डोक्यातले आकडे. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत गायतोंडे यांच्या एका कॅनव्हासला 67 कोटी आले. आमच्या पुतण्याचा हिशेब सरळ होता: गायतोंडे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचे, आपला चित्रकारही जेजेचा, तर सात-आठ कोटी कुठे गेले नाहीत. त्याला समजवायला वेळ लागला. हुसेन-गायतोंडे ज्यात होते त्या प्रोग्रेसिव्ह गटाचा आणि त्यांच्या आसपासच्या आधुनिकांचा बाजार वेगळा, मुंबई स्कूलच्या वास्तववादी व्यक्तिचित्रांचा वेगळा. दुसऱ्या बाजारात गिऱ्हाईक कमी आणि चोखंदळ.

आता खासगी विक्री. तिच्याबद्दल मी उगाच वाईट बोलणार नाही, कारण तिचे फायदे खरे आहेत. गॅलरीवाला किंवा दलाल घरी येतो, चित्र बघतो, एक तर सरळ विकत घेतो किंवा आपल्या माहितीतल्या संग्राहकाला दाखवतो. लिलावाच्या तारखेसाठी महिनोन् महिने थांबावं लागत नाही. चित्राचा फोटो छापून येत नाही, त्यामुळे सोसायटीत कोणाला पत्ता लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, विकलं गेलं नाही तरी त्याची कुठे नोंद राहत नाही. लिलावात बोली न लागलेलं चित्र पुढची काही वर्षं 'न विकलं गेलेलं' म्हणून ओळखलं जातं आणि नंतरचं गिऱ्हाईक तेवढंच धरून भाव पाडतं. लिलावाची वाट धरणाऱ्याने ही भीती मनात ठेवूनच धरावी.

लिलावात दर नक्की चांगला मिळतो, असं मी म्हणू शकत नाही. एकच चित्र दोनदा विकून बघता येत नाही. वर्तमानपत्रात येणारा आकडा बहुतेकदा खरेदीदाराने वर भरलेला प्रीमियम धरून असतो. विकणाऱ्याचा हिशेब हातोडा पडला त्या किमतीवर होतो आणि त्यातूनही लिलावघराचं कमिशन जातं. कमिशन, विमा, वाहतूक, फोटो यांचा खर्च कोणी करायचा हे बोलून ठरतं. पहिल्याच आकड्याला हो म्हणू नये, एवढं आम्हाला आमच्या सीएने बजावलं होतं. दलाल काही 'कापत' नाही, पण त्याचा नफा तो सांगतो त्या किमतीत आधीच दडलेला असतो. तेव्हा खर्चाच्या बाबतीत दोघांत फार फरक पडत असेल असं मला तरी वाटत नाही.

माझा कल लिलावाकडे ठरला तो वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे आलेले दलाल गृहस्थ बोलायला सज्जन, चित्राची जाण उत्तम. आकडा मात्र फक्त तोंडी. 'लेखी द्या' म्हटलं की 'आधी तुम्ही हो म्हणा, मग कागद करू.' आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: 'हा आकडा आपल्यातच राहू दे, बाहेर गेला तर मार्केट खराब होतं.'

एकट्या मालकाला हे वाक्य कदाचित खटकणार नाही. पण ज्या चित्रात काकांचा आणि आत्याचा वाटा आहे, त्याची किंमत 'आपल्यातच' म्हणजे कोणाकोणात ठेवायची? काकांना सांगायची म्हटली तर ती बाहेर गेली. न सांगावी, तर मी काय केलं हे आत्या पुढच्या प्रत्येक गौरी-गणपतीला विचारणार, आणि तिला विचारायचा हक्क आहे. त्यावर कडी म्हणजे गृहस्थांनी चुलतभावालाही परस्पर फोन केला. त्याला सांगितलेला आकडा मला सांगितलेल्यापेक्षा वेगळा होता. तोही आपल्यातच ठेवायचा होता. चुलतभाऊ सरळ माणूस, त्याने थेट मला विचारलं म्हणून उलगडा झाला. तो घुम्या असता तर आम्ही आज एकमेकांच्या लग्नकार्यात लांबून नमस्कार केला असता.

मग सूचना आली की थोडी रक्कम रोखीत घेऊ, वाटण्या सोप्या जातात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो, हे बाजूला ठेवा. रोखीतला भाग कोणत्या कागदावर दिसणार, हाच प्रश्न फिरून तिथे आला. हे एका माणसाचं वागणं आहे, सगळे दलाल असे नसतात, हे मला मान्य आहे. पण मोठी किंमत आणि तीन वाटेकरी असताना गुपित ठेवायला लावणारी पद्धत आपल्याला सोसेल का, हा विचार प्रत्येकाने आपापल्या काका-आत्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणून करावा.

लिलावात हा भाग सुटतो. अंदाजित किंमत कॅटलॉगात छापलेली असते, वरची आणि खालची. ज्या किमतीखाली विकायचं नाही ती राखीव किंमत तुमच्या करारात लेखी असते. बोली सगळ्यांसमोर चढते. आत्याने डोंबिवलीत नातीच्या मोबाइलवर लिलाव पाहिला. आकडा अंदाजाच्या वरच्या टोकाच्या जरा अलीकडेच थांबला, पुतण्या हिरमुसला, पण 'एवढ्यालाच का दिलंस' असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. माझ्या लेखी याची किंमत दोन-चार टक्के कमिशनपेक्षा जास्त आहे.

त्रास लिलावातही आहेच. कागद जमवताना जीव जातो. चित्र तुमच्या घरात कसं आलं आणि कोणाकोणाकडे राहिलं, याचा पुरावा ते मागतात, आणि मागावाच. आमच्याकडे खरेदीची पावती नव्हती. कामी आले ते दोन कागद: चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी आणि वडिलांच्या मुंजीतला फोटो, ज्यात बटूच्या डोक्यावर हेच चित्र लटकलेलं दिसतं. म्हणून कळकळीने सांगतो, विकायच्या आधी चित्र 'जरा बरं दिसावं' म्हणून फ्रेमवाल्याकडे टाकू नका. तो चांगल्या मनाने मागचा पुठ्ठा फेकून नवीन प्लाय ठोकतो आणि तुमचा अर्धा पुरावा स्टेशन रोडच्या कचऱ्यात जातो. ओल्या फडक्याने पुसणं, बटाटा चोळणं, वॉर्निश मारणं, हेही नको. बुरशी फार असेल तर संग्रहालयातल्या किंवा तशा प्रशिक्षित कला-संवर्धकाला दाखवा आणि तो म्हणेल तेवढंच करा. मळकं चित्र मळकंच गेलेलं लिलावघराला चालतं, घरगुती डागडुजी केलेलं चालत नाही.

वारसांच्या सह्याही आधीच लागतात. हेही आमच्या पथ्यावर पडलं. जे भांडण विक्रीनंतर झालं असतं ते विक्रीआधी झालं आणि स्टँप पेपरवर मिटलं. बहिणी-आत्यांना 'चित्राचं काय एवढं' म्हणून वगळू नका. वारसाहक्कात चित्र आणि घर यांत तसा फरक नाही, आणि लिलावघराचे वकील बरोबर तिथेच बोट ठेवतात.

कर दोन्हीकडे तोच. 2007 पासून चित्रं 'वैयक्तिक वापराच्या वस्तूं'त धरली जात नाहीत, त्यामुळे नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारसाने मिळाल्यावर नाही, विकल्यावर. आधीच्या मालकाचा काळ तुमच्यात मोजला जात असल्याने हा नफा जवळपास नेहमी दीर्घकालीन ठरतो आणि दर साडेबारा टक्के. घरात 2001 च्या आधीपासून असलेल्या चित्राची मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. आजोबांनी दिलेल्या शे-दोनशे रुपयांवर हिशेब करण्यापेक्षा तो अर्थातच परवडतो, फक्त त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. प्रत्येक वाटेकऱ्याने आपापल्या हिश्श्यावर भरायचा. लिलावघराचं लेखी हिशेबपत्रक हातात असेल तर सीए पाच मिनिटांत मोकळा होतो, हा एक जादा गुण मी लिलावाच्या खात्यात टाकतो.

खासगी विक्री कोणाला बरी? मालक एकच असेल, पैशांची घाई असेल आणि गॅलरी पिढ्यान् पिढ्या माहितीतली असेल, तर खुशाल. चित्र फार खराब झालेलं असेल किंवा चित्रकार लिलावघरं घेत नाहीत इतका अप्रसिद्ध असेल, तर तसाही दुसरा मार्ग नाही. काही लिलावघरं कॅटलॉगात न घालता खासगीतही विकून देतात. तिथे निदान आकडा लेखी मिळतो, त्यामुळे बोलीची धास्ती वाटणाऱ्याने तेही विचारून बघावं. मात्र विकत घ्यायला आलेल्या माणसाकडूनच किंमत काढून घेऊ नका, मग तो कितीही जुना परिचित असो.

लिलावाला द्यायचं ठरलंच तर राखीव किंमत हावरटपणे वर चढवू नका. खालच्या अंदाजाच्या थोडी खाली राहू द्या, म्हणजे बोली सुरू व्हायला जागा राहते आणि 'न विकलं गेलेलं' हा शिक्का बसायची भीती कमी होते. अंदाज मोठा लावून देणाऱ्या लिलावघरापेक्षा तुमच्या चित्रकाराची चित्रं अलीकडे खरोखर विकून दाखवलेलं घर निवडा. त्यांचे जुने निकाल त्यांच्याच संकेतस्थळावर बघायला मिळतात. आणि करारात एक कलम नीट वाचा: चित्र विकलं गेलं नाही तर ते किती दिवस त्यांच्याकडे अडकून राहील आणि परत ठाण्याला आणायचं भाडं कोण देईल. आमच्या मसुद्यात ते आमच्यावर होतं, बोलल्यावर त्यांनी काढलं.