आरएक्स १०० घेताय? आधी हँडल डावीकडे वळवा

१,५३,५०० रुपये. एवढे मोजून माझ्याकडे आज एक जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, जी मला रस्त्यावर काढता येत नाही, विकता येत नाही आणि भंगारातही घालता येत नाही. हिशोब खाली देतो, पै-पैचा देतो. कारण "किती गेले?" हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जी चमक येते ती मी आता चांगली ओळखतो.

आरएक्सचं वेड काय असतं ते ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आमचे मामा तासगावचे. द्राक्षबागेच्या फवारणीचे डबे मागे बांधून ते मळ्यात जायचे तेव्हा गाडी दिसायच्या आधी आवाज यायचा. मी टाकीवर पुढे, दोन्ही हात हँडलच्या मधल्या दांड्याला. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, आणि त्या काळात गावात तिच्यापुढे बुलेटवाले गाडी बाजूला घ्यायचे. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. जी गाडी तीस वर्षांत नव्याने तयारच झाली नाही तिची मागणी मात्र दरवर्षी वाढते आहे. आता मला कळतंय की चोरांना यापेक्षा चांगला धंदा कुठला मिळणार? माल संपलेला, गिऱ्हाईक आंधळं.

मामांची गाडी त्यांनी २००३ साली सात हजाराला विकली. मी तेव्हा कॉलेजात, बोलण्याची सोय नव्हती. चाळिशी उलटल्यावर हातात पैसे आले तेव्हा कमरेत एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांची भानगडही आली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण सीट बघून घ्या. मग मी सीटचा अभ्यास केला, खरंच केला. शोरूममध्ये बसल्या बसल्या जी सीट मऊ लागते ती तासाभराने सगळ्यात वाईट ठरते. फोम दबतो आणि बसायची हाडं थेट पत्र्यावर येतात. फोम जरा कडक हवा, मागे रुंद आणि मांड्यांपाशी अरुंद हवा, आणि टाकीकडे उतार नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे सरकतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. जेलच्या गाद्या उन्हात तापतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, कुठे आणि कसा बघायचा हेही माहीत होतं, हे इथेच सांगून ठेवतो. कारण आमच्या साडूंपासून सगळ्यांना वाटतं की मला काहीच कळत नव्हतं.

जाहिरात अशी होती: १९९२ मॉडेल, सिंगल ओनर, पासिंग मे २०२७ पर्यंत, जपान ब्लॉक, फुल रिस्टोर, सीट कस्टमरच्या पसंतीने. शेवटच्या तीन शब्दांनी माझा घात केला. "जपान ब्लॉक" (म्हणजे जपानी बनावटीचा इंजिन ब्लॉक) वाचून जाणकार हसतील. जपानहून सुटे भाग आले ते अगदी सुरुवातीच्या गाड्यांना, ९२ च्या गाडीत तो कुठून आला? मी विचारलं होतं. विकणारा म्हणाला, "मुद्दाम मिळवून बसवलाय साहेब, शौक आहे आपला." जुन्या गाडीत भाग बदललेले असतातच, त्यामुळे मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

आणि मी छाप मागितली होती. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेली छाप. त्याने अर्ध्या तासात फोटो पाठवला. आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळली. ॲपवर नंबर टाकला तर पासिंग चालू, कर्ज नाही, चलन नाही. मालकाचं नाव तिथे फुल्या-फुल्यांतच दिसतं, त्यामुळे त्यापुढे काही कळत नाही. यापेक्षा जास्त कोण बघतं? छापेचा फोटो म्हणजे छाप नव्हे, हे वाक्य आज लिहायला सोपं आहे. ती छाप जुन्या फाइलमधून काढलेली होती, मूळ गाडीची. ती जुळणारच होती.

आता तो क्षण. मी रोज रात्री तिथे जाऊन येतो.

दोन जिल्हे पलीकडे, हमरस्त्यापासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सात आरएक्स उभ्या. माझी काळी, टाकीवर सोनेरी पट्टा, नवीन क्रोम. त्याने चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली, कमरेचं विचारलं. मी फोनवर बोललो होतो ते लक्षात ठेवलं होतं त्याने. मग म्हणाला, "दादा, आधी बसून तरी बघा." मी बसलो. त्याने हँडल दोन्ही हातांनी सरळ धरलं. म्हणाला, मेन स्टँडचं स्प्रिंग सैल आहे, पडेल. मी जरा हँडल डावीकडे वळवायला गेलो, तर त्याने हसत हसत परत सरळ केलं आणि विचारलं, "सीट कशी वाटते? मागून अजून एक इंच चढवू का?" नंबर असतो हँडलच्या मुळाशी, चेसिसच्या मानेवर उजव्या बाजूला. हँडल वळल्याशिवाय तो नीट दिसत नाही. तिथे वायरिंगचा एक गुच्छ प्लास्टिकच्या पट्टीने आवळून नेमका आडवा बांधलेला होता. आणि रंग तिथे इतर ठिकाणांपेक्षा जाड होता. मला तो जाडपणा दिसला होता. खोटं कशाला बोलू, दिसला होता. पण त्या क्षणी मी अर्धा इंच चढवायचा की एक इंच यावर बोलत होतो. खिशात पेन होतं, पेन्सिल नव्हती. पुढचं बोलणं आवाजावर गेलं, त्याने किक मारली आणि संपलं. तो आवाज ऐकून ज्याचं डोकं जागेवर राहतं त्याने मला शहाणपण शिकवावं, बाकीच्यांनी नाही.

एक नियम सांगतो. विकणाऱ्याने हँडल धरलं असेल तर गाडीवर बसूच नका. पट्टी कापायला लावा. नकार दिला तर चहासुद्धा न पिता निघा.

हिशोब असा. ठरले १,४६,००० रुपये. रोख दिली तर तीन हजार कमी, म्हणून १,४३,०००. त्यातले ५,००० टोकन यूपीआयने. ६०,००० यूपीआयनेच, पण "पुतण्याच्या" खात्यावर, कारण त्याच्या खात्याची म्हणे दिवसाची मर्यादा संपली होती. ७८,००० रोख, पावती नाही. सीट खास करून दिली त्याचे वेगळे ४,८००. टेम्पो ३,२००. आणि इथल्या एजंटला नावावर करून द्यायचे २,५००. पुतण्याच्या खात्यावर पैसे मागितले की समजा, माणूस आपल्या नावावर काहीच ठेवू इच्छित नाही. आणि तीन हजारांच्या सवलतीसाठी ७८,००० चा पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसला. बायको हे वाक्य रोज म्हणते, म्हणून इथे लिहून टाकलं.

सीटचंही सांगून टाकतो. पन्नास किलोमीटरमध्ये बसली. आमच्या इथल्या सीटवाल्याने उसवून दाखवलं, आत सोफ्याचे तुकडे चिकटवून वर एक पातळ कडक थर दिलेला. हाताने दाबलं तर कडक, बसलं तर पोकळ. ४,८०० रुपये. बाकी सगळ्याचा राग एकवेळ कमी होईल, याचा होत नाही.

एजंट फॉर्म २९ आणि ३० घेऊन आला, पट्टी कापली, कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि काही न बोलता मोबाइलचा टॉर्च लावला. मग म्हणाला, "साहेब, कागद खरा आहे. गाडी पण खरी आहे. पण या दोघांचं लग्न बाहेरच लावलंय कुणीतरी." अंक एका रेषेत नव्हते. एक ३ बाकीच्यांपेक्षा खोल गेलेला होता. आणि तिरपा उजेड टाकला की खाली घासलेल्या जुन्या अंकांची सावली दिसत होती. कंपनीचे अंक असे नाचत नाहीत.

आरसीवरच्या पत्त्यावर मी स्वतः गेलो. मालक वारलेले, २०२२ च्या शेवटी. मुलगा सज्जन माणूस. म्हणाला, बाबांची गाडी आम्ही २०२३ मध्ये भंगारवाल्याला २,५०० ला दिली, कागद डिकीतच होते. म्हणजे माझ्या फॉर्म २९ वर सही कुणाची? मेलेल्या माणसाची, ती पण निळ्या शाईत, तारीख गेल्या दिवाळीची. मी आरसीवरच्या माणसाला आधीच फोन का केला नाही? कारण विकणारा म्हणाला, "आजोबा थकलेत, त्यांना त्रास नको, सह्या घेऊन ठेवल्यात." आपल्याकडे वयस्कर माणसाला त्रास देऊ नये असं शिकवलं आहे, त्याचा हा उपयोग. तुम्ही त्रास द्या. घरी जा, समोर बसून बोला. आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी भंगारात निघाली आहे त्यांनी ऐका: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. कुणी करत नाही. तुमच्या वडिलांच्या नावाने अशीच एखादी गाडी कुठेतरी फिरत असेल.

आता सरकारदरबार. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. बाई नम्र होत्या. म्हणाल्या, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, बदल्यात वस्तू मिळाली, हा सायबर गुन्ह्यात बसत नाही. पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "पस्तीस वर्षांच्या गाडीला दीड लाख? शिकलेले आहात ना?" बाकावरचे दोघे हसले. मग म्हणाले, व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडे गेलो. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्या शहरातून गेले, तिथेच द्या, आणि तसंही ही दिवाणी बाब आहे. मेलेल्या माणसाची सही ही दिवाणी बाब! मी म्हटलं, झिरो एफआयआर असते ना, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, हद्द कुठलीही असो, नोंदवायची. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "वकील आहात?" नाही. "मग?"

मग जे बोलले त्याने पायाखालची जमीन सरकली. म्हणाले, नंबर घासलेली गाडी चोरीचीही असू शकते, आणि ती आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? तुमच्या. न्याय संहितेचं ३१७ वाचा. चोरीचा माल बाळगणे. म्हणजे फसवणुकीचं कलम ३१८ लावायला मी गेलो होतो, आणि एक आकडा अलीकडचं कलम माझ्यावरच येत होतं. चारशे वीसच्या जागी आता ३१८ आलं, एवढाच काय तो बदल. वागणूक तीच.

आरटीओत तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. निरीक्षकांनी गाडी पाहून स्पष्ट सांगितलं, नंबर छेडलेला आहे, प्रयोगशाळेत ॲसिड लावून मूळ अंक वर आणता येतात. मी म्हटलं, हेच लेखी द्या, पोलिसांना दाखवतो. म्हणाले, पोलिसांचं पत्र आलं की देऊ. पोलीस म्हणतात, आरटीओचं लेखी आणा, मग पत्र देऊ. हे वाचून कुणाला हसू आलं तर हसून घ्या, मीही पहिल्या आठवड्यात हसलो होतो. मधल्या काळात गाडी हलवू नका असं दोघांनीही सांगितलं आहे, अर्थातच तोंडी. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचं भाडं लावायच्या गोष्टी करतात.

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी तक्रार करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) तेच सांगतं. तरी हालचाल नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी आता तिथपर्यंत पोचलो आहे. वकिलाचे पैसे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. विकणाऱ्याशी झालेलं सगळं चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी मेलवर पाठवून ठेवले होते. तेवढी एक गोष्ट वकिलाला आवडली.

त्या माणसाला शेवटचा फोन लागला तेव्हा तो शांत होता. "गाडी चालते ना दादा? सीट बसली असेल तर पाठवून द्या, भरून देतो." त्यानंतर ब्लॉक. गेल्या आठवड्यात मित्राच्या फोनवर त्याची नवीन जाहिरात पाहिली. लाल आरएक्स, १९९४, सिंगल ओनर, सीट कस्टमरच्या पसंतीने, १,७२,०००. फोटो पाचही डाव्या बाजूने काढलेले, हँडल सरळ. मित्राच्या नावाने खाली लिहिलं की चेसिस नंबरचा जवळून फोटो टाका, हँडल वळवून. तासाभरात ती ओळ उडवली होती, जाहिरात मात्र आहे. सीटला करड्या धाग्याची दुहेरी शिलाई आणि मागच्या बाजूला चौकडा टाका असेल तर तोच माणूस समजा. व्यवहार करू नका, पण छाप मात्र स्वतःच्या हाताने घेऊन ठेवा आणि मला कळवा. दुसरा तक्रारदार मिळाला तर वकील म्हणतात केस उभी राहते.