आयसोटेनिस्कोप संच, काही महिन्यांच्या वापरानंतर: काच झकास, गेजने घात केला

आयसोटेनिस्कोप म्हणजे द्रवाचा बाष्पदाब (द्रवावरच्या त्याच्याच वाफेचा दाब) मोजायचं काचेचं उपकरण. काचेबद्दल तक्रार नाही. बल्ब आणि यू-नळी एकसंध, दोन्ही भाग बाथमध्ये (तापमान स्थिर ठेवणाऱ्या द्रवाच्या टाकीत) पूर्ण बुडतात, त्यामुळे वाफ थंड जागी जाऊन पुन्हा द्रव होत नाही. राग आहे तो सोबतच्या डिजिटल गेजवर.

हे गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब मोजतं आणि त्यात ठोकून १०१.३ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीचा हवेचा दाब, मिळवतं. मुंबईत खपून जाईल. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९७.५, मे महिन्यात आणखी कमी. म्हणजे प्रत्येक आकडा पावणेचारने फुगलेला. २५ अंशांना डिस्टिल्ड वॉटरचा बाष्पदाब ३.१७ यायला हवा, इथे ७ च्या घरात दिसतो!

सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, 'आकडा जास्त आला तर सुरक्षितच की.' हे साफ चूक आहे. टोल्युइन हा ज्वलनशील द्रावक घ्या. ३० अंशांना खरा बाष्पदाब ४.९, म्हणजे बंद ड्रममध्ये द्रवावरच्या हवेत सुमारे ५ टक्के वाफ. स्फोटक मर्यादा साधारण १.१ ते ७.१ टक्के, म्हणजे ड्रम थेट धोक्यात. गेजच्या आकड्याने तीच वाफ जवळपास ९ टक्के निघते आणि कागदावर मिश्रण 'पेट घेण्यापलीकडचं' ठरतं. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात असा कागद कुणाच्या हाती पडू नये.

दोष ओळखायचा कसा? नमुन्यात विरघळलेली हवा राहिली तरी आकडा जास्तच येतो, आणि दाबाचा लॉगॅरिदम विरुद्ध १/तापमान (केल्विनमध्ये) ही रेषा, हवा असो वा गेजचा दोष, कमी तापमानाच्या टोकाला वाकते. म्हणून पंपावर हलकी उकळी आणून हवा पुन्हा काढा, नायट्रोजन हळूहळू सोडून यू-नळीच्या पातळ्या जुळवा, मग वाचा. आकडा उतरला तर हवा होती. लागोपाठ दोन वाचनं जुळूनही जास्तच असेल तर गेज. खात्रीसाठी रिकामी लाइन दोन टप्प्यांच्या रोटरी पंपाने पूर्ण खेचा: गेजने शून्य दाखवायला हवं, हे ३.८ दाखवतं. मोबाइलवरच्या हवामान ॲपचा दाब घेऊन दुरुस्ती करू नका, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. खोलीत बॅरोमीटरच हवा.

बाथला सुरुवातीला नावं ठेवली होती, कारण त्याला चिलर नाही आणि उन्हाळ्यात २० अंश गाठता येत नाहीत. ते मत आता बदललं. ओईसीडी १०४ या बाष्पदाब चाचणीच्या मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे ३०, ४०, ५० अंशांना मोजून रेषेवरून २० चा आकडा काढता येतो, आणि बाथ तापमान पक्कं धरतो. चिलरचे पैसे वाचले.

गेजसाठी मात्र कंपनी अख्खा डबा बदलायचे पैसे मागते. देऊ नका. ० ते १०० किलोपास्कलचा ॲब्सोल्यूट (बाहेरच्या हवेशी नव्हे, निर्वाताशी तुलना करणारा) सेन्सर वेगळा घ्या, ऑर्डरमध्ये 'ॲब्सोल्यूट' हा शब्द स्पष्ट लिहून घ्या, आणि तो आला की पहिलं वाचन पाण्याचं घ्या.