रिपोर्ट आला, पण सॅम्पल मशीनवर चढलंच नव्हतं

एमएस्सी, पीएचडीच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितोय. स्टार्चच्या तपासणीसाठी बाहेरच्या लॅबला पैसे मोजणार असाल, तर आधी हे वाचा.

माझं काम ज्वारीच्या स्टार्चवर. स्टार्चमधलं बहुतांशी सरळ साखळ्यांचं अमायलोज किती, फांद्या असलेल्या अमायलोपेक्टिनच्या फांद्या केवढ्या, हे साइज एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या पद्धतीने, बघायचं होतं. आमच्या विभागात ते मशीन नाही. एका खासगी लॅबच्या माणसाने 'सर, आठवड्यात रिपोर्ट' असं गोड बोलून सगळे पैसे आगाऊ घेतले. ज्वारीच्या पुड्यांत मी वॅक्सी मक्याच्या स्टार्चची एक पुडीही कोड टाकून सरकवली होती. त्यात अमायलोज जवळपास नसतंच. आयोडीन टाकलं तर निळा-काळा नाही, तांबूस रंग येतो.

रिपोर्ट एकदम चकाचक. रंगीत ग्राफ, सही, शिक्का. आणि वॅक्सी मक्यात अमायलोज चक्क २६ टक्के!

मग प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या. ग्राफचा आकार जुळला तर एक वेळ समजू, पण बेसलाइनची, म्हणजे ग्राफच्या तळाच्या रेघेची, बारीक थरथरसुद्धा जशीच्या तशी? शेवटाकडे एक छोटा खळगा होता, डिटेक्टरमधून हवेचा बुडबुडा गेल्यावर पडतो तसा. प्रत्येक सॅम्पलला, त्याच मिनिटाला. इतका वक्तशीर बुडबुडा मी तरी पाहिला नाही.

पद्धतीचा रकाना तर त्याहून भारी. सॅम्पल म्हणे साध्या पाण्यात विरघळवलं, जिथे स्टार्च नीट विरघळतच नाही. आयसोअमायलेज या फांद्या तोडणाऱ्या एन्झाइमचं नावही नाही. फांद्या जिथे जोडलेल्या असतात ते अल्फा-१,६ बंध त्याने तोडल्याशिवाय सुट्या साखळ्या मोजणार कशा? तरी तक्त्यात साखळ्यांची लांबी होतीच, तीही दशांशात.

रॉ डेटा, म्हणजे मशीनची मूळ फाइल, मागितली, तर 'सर्व्हर क्रॅश झालाय'. पुल्युलान स्टँडर्डचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या आकाराच्या रेणूंवर मशीन जुळवल्याची नोंद, मागितलं, तर 'ते कॉन्फिडेन्शियल असतं'. नंतर फोन उचलणंच बंद.

तेव्हा पैसे देण्याआधी द्रावक कोणता, एन्झाइम कोणतं, कॅलिब्रेशन कशावर, हे लेखी घ्या. रॉ डेटा फाइल मिळणार, हेही कोटेशनमध्येच लिहून घ्या. एकच सॅम्पल दोन कोडखाली पाठवा. आणि निम्मी पुडी स्वतःकडे ठेवा. माझ्याकडे होती, म्हणून ओळखीच्या विद्यापीठात सगळं पुन्हा करून घेता आलं. तिथे वॅक्सी मक्याच्या ग्राफमध्ये अमायलोजच्या जागी जवळजवळ सपाट रेघ आली.

पैशांचं विचाराल, तर 'पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करून देऊ' असा ईमेल आलाय.