गंजलेले पार्ट रंगवायच्या आधी: इव्हॅपो-रस्ट सहा महिने वापरून झालं, माझा अनुभव

माझ्याकडे 1930 ची फोर्ड मॉडेल ए टुडर (दोन दारांची) आहे, मडगार्ड काढलेली, आत फ्लॅटहेड व्ही-8, म्हणजे फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं चाललंय, म्हणजे हॉट रॉडच (जुनी गाडी दमदार इंजिन घालून बदललेली). मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, जिथं मॉडेल ए बनायची तो रूजचा कारखाना घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि तिकडून जाताना दरवेळी या गाडीबद्दल जीव अजून थोडा वाढतो. तर मागच्या हिवाळ्यात बॉडी आणि पार्ट रंगासाठी तयार करायला घेतले आणि त्यात जे द्रव्य मी सगळ्यात जास्त वापरलं त्याच्याबद्दल नीट लिहायचं होतं, कारण मराठीत कुठे काही सापडत नाही.

इव्हॅपो-रस्ट म्हणजे गंज काढायचं पाण्यासारखं पातळ द्रव्य. अ‍ॅसिड नाही, वास जवळजवळ नाही, हाताला चरचरत नाही (तरी मी हातमोजे घालतो). याच्यात किलेशन होतं, म्हणजे ते गंजातलं लोखंड पकडून ठेवतं आणि खालच्या चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. मी आधी म्युरिअ‍ॅटिक (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडचा विचार करत होतो कारण स्वस्त पडतं, पण त्याची वाफ गॅरेजभर पसरते आणि न बुडवलेल्या हत्यारांवर पण गंज चढतो, शिवाय स्प्रिंग किंवा कडक पोलादाचे बोल्ट अ‍ॅसिडमध्ये ठेवले तर ते ठिसूळ होऊन तुटू शकतात. सस्पेन्शनच्या पार्टला मी तरी अ‍ॅसिड लावणार नाही.

पाच गॅलनची बादली आणली आणि पहिले टाकले ते दरवाज्याचे बिजागर. नव्वद वर्षांचं ग्रीस, त्यावर कुणीतरी ब्रशनं मारलेला काळा रंग, त्याच्या खाली गंजाचे पापुद्रे. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा, हे द्रव्य तेल आणि रंग काढत नाही, फक्त गंज काढतं, त्यामुळे आधी डिग्रीझर आणि साबणानं चांगलं घासून ग्रीस काढायचं, रंग वायर ब्रशनं खरवडायचा आणि मगच बुडवायचं. दुसरी गोष्ट तापमान. मार्चमध्ये आमचं गॅरेज गारठलेलं असतं आणि 65 फॅरनहाइटच्या (साधारण 18 सेल्सियस) खाली हे सुस्त पडतं, दोन दिवस ठेवून पण फारसं काही होईना. मग बादली उचलून तळघरात पाण्याच्या हीटरशेजारी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिजागर बाहेर काढला तर त्यावर एक काळपट साय आलेली, ती गंजासोबत सुटलेल्या कार्बनची असते. स्कॉच-ब्राइटनं (घासायचा खरखरीत पॅड) नळाखाली पुसली आणि खालून राखाडी स्वच्छ लोखंड आलं, घडवताना पडलेल्या खुणा सुद्धा दिसायला लागल्या आणि त्यात कोपऱ्यात फोर्डची सही! मी तिथंच फरशीवर बसलो आणि कोल्हापूरला बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबांचं उद्यमनगरात आयुष्य गेलं, लेथवर. ते बराच वेळ बिजागर बघत राहिले आणि म्हणाले, "कशात बुडवलावतास रे? आमच्याकडं रॉकेल आणि पॉलिश पेपर, बोटं झिजायची." मग लगेच, "आता बोलत बसू नकोस, आधी वाळव. ओल्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागतोय होय?"

बरोबरच आहे ते. धुतल्यावर लोखंड एकदम उघडं असतं, दमट हवेत काही तासांत केशरी झाक येते. न धुता तसंच वाळवलं तर काही दिवस गंज धरत नाही म्हणतात, गोदामात ठेवायच्या वस्तूला ते ठीक आहे पण रंगाखाली तो थर नको. मी धुतो, कॉम्प्रेसरची हवा मारतो, हीट गननं कोमट करतो, मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर (रंगाआधी तेलकटपणा पुसायचं द्रव्य) दोन चिंध्यांनी, एक ओली आणि लगेच मागून एक कोरडी, कारण एकाच चिंधीनं पुसलं तर घाण फक्त इकडची तिकडे जाते. आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर.

आता जिथं हे चालत नाही ते पण सांगतो. पार्ट पूर्ण बुडायला हवा, अर्धा वर राहिला तर पाण्याच्या रेषेवर लोखंडात कायमची खूण उमटते, बॉनेटच्या एका खिट्टीवर माझ्याकडून झालीय ती. ब्लूइंग केलेली (गंजू नये म्हणून निळसर काळा थर चढवलेली) वस्तू टाकू नका, ते पण निघून जातं. आणि बॉडीचे मोठे पत्रे? ते बुडवायला हौद लागेल, ओल्या चिंध्या गुंडाळून ठेवण्यात अर्थ नाही, सारख्या सुकतात.

म्हणून बॉडी मी ब्लास्टिंगला (हवेच्या दाबानं वाळूसारखे कण मारून साफ करायला) दिली होती आणि ते फार वाईट झालं. एका दुकानदारानं डाव्या दरवाज्यावर जाड वाळू जोरात मारली आणि पत्रा डब्याच्या झाकणासारखा झाला, दाबला की टक् करून आत, सोडला की बाहेर. लोक म्हणतात उष्णतेनं वाकतो, पण मुख्य कारण वेगळं आहे, कण आपटून आपटून पत्र्याची वरची बाजू ताणली जाते. त्या माणसानं जबाबदारी घेतली नाही. तो पत्रा मी तीन शनिवार रविवार हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) सरळ केला आणि बाकीची बॉडी स्वतः 80 नंबरच्या पेपरनं डीए सँडर (पॉलिश पेपर फिरवणारं घासायचं मशीन) लावून केली, तोंडाला चांगला मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्लास्टिंग फ्रेम, एक्सल, असल्या जाड मालाला उत्तम, सपाट पत्र्याला देणार असाल तर कुठला मीडिया (मारायचे कण) आणि किती प्रेशर ते आधी लिहून घ्या.

पैशाचं म्हणाल तर अ‍ॅसिडपेक्षा बरंच महाग आहे, पण तेच द्रव्य परत परत वापरता येतं, काम झालं की झाकण घट्ट लावायचं. माझ्या एका बादलीत बिजागर, खिडकीचे रेग्युलेटर, शॅकल, हेडलाइटचा बार तुकड्या तुकड्यानं नाही तर लांब पीव्हीसी पाइपमध्ये उभा करून, आणि शेकडो नटबोल्ट झाले. लहान मोठे पार्ट स्वतः रंगवणाऱ्याला मी डोळे झाकून हेच घ्या म्हणेन, साडेचार स्टार, अर्धा थंडीसाठी कापला.

दोन्ही बाजूंचे बिजागर आता करड्या इपॉक्सीत तारेला टांगलेत. बादलीतलं पाणी काळं झालंय तरी अजून काम करतंय, काल रात्री विंडशील्डचे स्टँड टाकलेत, उद्या संध्याकाळी काढेन.