बालगृहाच्या फायली आणि एआयवाले

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना सध्या एआयवाल्या कंपन्यांचे फोनवर फोन येताहेत. अशाच एका कंपनीने आम्हाला बुडवलं, म्हणून हे लिहितेय.

आमचं बालगृह आहे. मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल बालकल्याण समितीपुढे जातो आणि मूल घरी जाणार की इथेच राहणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. लिहिणाऱ्या कार्यकर्त्या दोनच. कंपनीचा माणूस नेमकं हे हेरून आला. ‘ताई, गृहभेटीची टिपणं मोबाइलवर नुसती बोला, अहवाल आमचं एआय लिहील. खास मराठीसाठी बनवलंय, अचूकता ९८ टक्के.’ कशावर मोजली, असं अध्यक्षांनी विचारलं, तर म्हणे, ‘सर, ते टेक्निकल असतं.’ वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात तो निधी आम्हाला आलाय, हे त्याला आधीच ठाऊक होतं!

अहवाल दिसायला झकास. मग समितीच्या एका सदस्यांनी विचारलं, ‘या तिन्ही मुलांचे वडील शब्दशः सारखेच दारुडे कसे हो?’ त्यातले एक माळकरी, दारू सोडाच, घरात कांदा-लसूणही नाही. आमच्या टिपणात ‘घरात ताण आहे’ एवढंच होतं. माहिती नसली की हे यंत्र पटेलसं वाक्य स्वतःच रचतं आणि तेही छातीठोकपणे. खास मराठीचं म्हणून विकलेलं ते आतून बाजारातला नेहमीचा चॅटबॉटच होता, हे एका जाणकाराने पुढे दाखवून दिलं.

खरा धक्का नंतर बसला. शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेत त्याच माणसाने नमुना म्हणून आमच्याच एका मुलीची फाईल पडद्यावर दाखवली. नावासकट, फोटोसकट. तिथल्या ताईंनी लगेच आम्हाला कळवलं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाब विचारला तर म्हणाला, करारात ‘सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू’ असं लिहिलंय. फायली परत द्या, तुमच्याकडच्या पुसा म्हटलं, तर आधी नूतनीकरणाचे पैसे भरा! त्यानंतर फोन बंद. सायबर पोलिसांकडे तक्रार दिलीय. पैसे गेल्यात जमा आहेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती हाताळायचं काम बाहेर दिलं तरी जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे. तेव्हा माहिती कुठे साठवणार, डेमोत किंवा एआय शिकवायला वापरणार नाही ना, करार संपल्यावर कशी पुसणार, हे सहीआधी लेखी घ्या. तोंडी ‘काळजी करू नका ताई’ चालवून घेऊ नका.

आणि डेमोला त्यांचा नमुना नको. मनाने रचलेल्या मुलाचं अर्धवट टिपण तुम्हीच द्या, त्यात वडिलांचा उल्लेखच करू नका. अहवालात वडील उगवले, तर पाहुण्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.