एकट्याच्या राजगड–तोरणा–रायगड चालीसाठी भाड्याचे सामान

गेल्या डिसेंबरात राजगडाहून तोरणा आणि तोरण्याहून रायगड ही चाल मी चार दिवसांत एकट्याने केली. तिच्यासाठी लागणारी साठ लिटरची सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग आणि गॅसची शेगडी पुण्यातल्या एका पेठेतील लहानशा दुकानातून भाड्याने घेतली. पुढे एक तक्रारही मांडायची असल्याने दुकानाचे नाव देत नाही.

कौतुक सॅकचे आहेच, पण त्याहून अधिक ती अंगावर बसवून देणाऱ्या माणसाचे आहे. दुकानदाराने मला मान खाली घालायला लावली, मानेच्या तळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या उंचीपर्यंत फितीने माप घेतले, सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या आणि खांद्यांचे पट्टे सैल ठेवून आधी कंबरपट्टा आवळायला सांगितला. खांद्यांवरचा भार कमरेवर उतरला की काय फरक पडतो, ते दुकानातच कळले. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या लांबलचक धारेवर खांदे एकदाही भरून आले नाहीत.

तंबूचे मात्र तसे नाही. दुकानातला सर्वांत लहान तंबू दोघांचा, वजनाने जवळजवळ तीन किलोंचा. चौघे असले की तंबू एकाकडे, शेगडी दुसऱ्याकडे, टोप तिसऱ्याकडे अशी वाटणी होते. एकटा माणूस निघाला की हे सगळे त्याच्याच पाठीवर येते, आणि भाड्याची दुकाने गटांचा विचार करून सामान ठेवत असल्याने त्याची अडचण तिथे कोणाच्या ध्यानात येत नाही. चार लिटर पाणी धरून माझी सॅक पंधरा किलोंवर गेली, म्हणजे माझ्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा. तो जादा भार खरा जाणवला तो मोहरी गावाहून निघून बोराट्याच्या नाळेत, म्हणजे घाटातल्या खड्या, अरुंद घळीत उतरताना. एका बाजूला लिंगाण्याचा सुळका, पायाखाली मोठमोठे धोंडे आणि प्रत्येक उडीला मागे ओढणारी सॅक, अशी ती उतरण होती. एवढे करून तंबू उघडला एकाच रात्री. बाकीच्या रात्री गावातल्या पडव्यांवर निभावल्या.

तक्रार गॅसची. 230 ग्रॅम गॅसचा डबा भरलेला म्हणून दिला. घरच्या काट्यावर तो पत्र्यासकट जेमतेम 215 ग्रॅम भरला. भरलेला डबा पत्रा धरून 350 ग्रॅमच्या वर भरायला हवा. निघण्याच्या आदल्या रात्री वजन केले म्हणून बरे, नाहीतर दुसऱ्या संध्याकाळी कोरड्या पोह्यांवरच भागवावे लागले असते. दुकानदाराने डबा विनातक्रार बदलून दिला, पण मुळात तो तपासून द्यायला हवा होता.

स्लीपिंग बॅग धुतलेली होती, आणि परत आल्यावर अनामत रक्कम पूर्ण मिळाली. पुढच्या वेळी सॅक याच दुकानातून घेईन. एकट्यासाठीचा हलका तंबू मात्र विकत घ्यायचे ठरवले आहे.